नावाची बाग आणि हक्काचा मळा

डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीच्या नावात बाग आहे. नखील कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात, इब्न बतूता मॉलच्या शेजारी, ही वसाहत उभी केली. सुमारे २६ हजार घरे, आणि मुघल, झेन, निवडुंग, भूमध्यसागरी अशी विभागांची नावे. झाडे भरपूर, सावलीही चांगली. परंतु त्यात खाण्याजोगे फारसे काही नाही. भाजी दुकानातून येते आणि ती बहुतेक परदेशची असते. ८ डिसेंबर २०२३ रोजी भारताने कांद्याची निर्यात थांबवली आणि ती बंदी मे २०२४ पर्यंत टिकली. आपले ताट किती दूरच्या निर्णयांवर अवलंबून आहे, हे त्या पाच महिन्यांत येथील गृहिणींना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

शहरात अन्न पिकवण्याचा विचार आपल्याला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये परसबागा खणल्या गेल्या. इकडे १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. पुढे रेल्वेनेही आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतची जमीन भाजीसाठी दिली. मात्र त्या पालेभाजीला कोणते पाणी मिळते, हा प्रश्न मुंबईकरांना वारंवार पडत आला आहे. जमीन मिळाली म्हणजे मळा झाला, असे नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा.

दुसरा धडा कोल्हापूरचा. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. स्वतः प्रयोग करायचा आणि अनुभव दुसऱ्याला मोकळेपणाने सांगायचा, एवढाच त्याचा नियम. तासगावच्या द्राक्षबागाईतदारांनी त्यातून मोठी मजल मारली. १९८५ साली दाभोलकरांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. उसाचे चिपाड, पालापाचोळा, स्वयंपाकघरातला ओला कचरा यांची माती करून गच्चीवरही पीक घेता येते, हे त्यांच्या नगरशेतीचे सूत्र.

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे ३ हजार कर्मचाऱ्यांचे जेवण होत असे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली हेच सूत्र हाती धरले. साले-देठांचा ढीग गच्चीवर गेला आणि सुमारे ३ हजार चौरस फुटांत फळझाडे व भाज्या उभ्या राहिल्या. पुढे २००९ मध्ये ‘अर्बन लीव्हज’ हा गट निघाला. सुट्टीच्या दिवशी तरुण मुले-मुली येत, माती करीत आणि तोडलेली भाजी वाटून घेत. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही त्यांनी मळा केला.

आता आपल्या दारी या. दुबईत भाजीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. जून उजाडला की कुंड्या करपतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये निम्मी वसाहत मायदेशी जाते. म्हणजे येथील मळा दरवर्षी एकदा मरतो आणि सप्टेंबरात तो पुन्हा जिवंत करावा लागतो. त्यातच कोणाची नोकरी बदलते, कोणी मुलांच्या शिक्षणासाठी परततो, आणि ज्याला सगळे ठाऊक तोच निघून जातो. खरा धोका उन्हाचा नाही. अनुभव पुढे न पोचण्याचा आहे.

म्हणून हे काम दहावी-बारावीच्या मुलांकडे सोपवावे असे वाटते. एका वर्षाच्या मुलांनी वही ठेवावी: मेथी कधी पेरली, अळू कोठे तगला, पाणी किती लागले. पुढच्यांनी ती वाचून सुरुवात करावी. सार्वजनिक हिरवळीला येथे बहुधा शुद्ध केलेले सांडपाणी देतात. तेथे कोथिंबीर लावण्याचा मोह टाळून कुंड्यांना नळाचेच पाणी घालावे. सामाईक जागेसाठी व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी आणि स्वयंसेवी कामाविषयी २०१८ चा येथील कायदा समजून घ्यावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमिरातीने ‘प्लांट द एमिरेट्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आहे. काळ अनुकूल आहे.

अशा मळ्याने वसाहतीचे पोट भरणार नाही, कांदा तर नाहीच. पण आठवड्यातून एक ताजी जुडी शेजारच्या आजींच्या हाती पडली, आणि देणाऱ्या मुलाला ती कशी उगवली हे सांगता आले, तर प्रयोग परिवाराची एक शाखा वाळवंटातही रुजली असे म्हणता येईल.