गोव्याचा कौल आणि लोकमताचे मोजमाप

गोमंतकातील देवळांत कौल लावण्याची रीत फार जुनी आहे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहायचे. उजवी पडली की देवाचा होकार. या साऱ्या विधीत खरे कसब असते ते गाऱ्हाणे घालणाऱ्याचे. 'हे स्थळ करावे की ते?' असे विचारले तर तिसऱ्या स्थळाविषयी देवाला काही सांगण्याची सोयच उरत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जे मतदान झाले त्याला मराठीत 'जनमत कौल' हे नाव रूढ झाले. ज्याने कोणी ते प्रथम वापरले त्याच्या मनात देवळातला कौल होता की नाही, कोण जाणे. पण नाव मोठे समर्पक आहे.

या कौलाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. विलीनीकरणवादी घराण्यांत त्याची सल अजून आहे, विरोधकांच्या घराण्यांत अभिमान आहे. प्रस्तुत लेखात मला त्या वादात शिरायचे नाही. लोकांचे मत मोजायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न अभ्यासकांना गेली शंभर वर्षे छळतो आहे, आणि त्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्या अंगणात पडलेले असताना आपण ते फक्त जय-पराजयाच्या अंगाने पाहतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

आधी घटनाक्रम. डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे सरळ होते: पक्षाने विलीनीकरणाच्या नावावर मते मागितली, लोकांनी दिली, म्हणजे लोकांचे मत कळले, आता वेगळे काय विचारायचे? विरोधकांचे म्हणणे असे की निवडणुकीत माणूस अनेक कारणांनी मत देतो, त्यातून या एका प्रश्नाचे उत्तर काढता येत नाही. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. हे म्हणणे दिल्लीच्या गळी उतरविण्यात काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांचा वाटा मोठा होता. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. सत्तेवर असलेल्या पक्षाच्या देखरेखीखाली हा कौल घेणे योग्य नव्हे, या मागणीमुळे बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने त्याच महिन्यात राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट आली. प्रश्न विचारणाऱ्याचा दाब उत्तर देणाऱ्यावर पडू नये, हे आज सर्वेक्षणशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या प्रकरणात असते. गोव्यात ते राजकीय भांडणातून साध्य झाले.

मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन व्हावे असे वाटणाऱ्यांसाठी फूल, संघप्रदेश राहावा असे वाटणाऱ्यांसाठी दोन पाने. (दमण व दीवच्या मतदारांपुढे महाराष्ट्राच्या जागी गुजरात होता.) सुमारे ३ लाख ८८ हजार मतदारांपैकी ३ लाख १७ हजारांहून अधिक लोकांनी मतदान केले, म्हणजे शंभरातले ब्याऐंशी. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांचा कल फुलाकडे होता, तर सासष्टीने दोन पानांच्या पारड्यात भरभरून मते टाकली.

आणि मग अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. तीस जागांपैकी सोळा जागा पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, बारा युनायटेड गोवन्सना. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९७३ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांनी सूत्रे घेतली आणि १९७९ पर्यंत तो पक्ष सत्तेवर राहिला. ज्या पक्षाचे नावच महाराष्ट्रवादी, त्याला महाराष्ट्रात जाण्यास नकार दिलेल्या प्रजेने आणखी बारा वर्षे राज्य करू दिले.

हा विरोधाभास वाटतो, पण आहे का? त्याची निदान दोन उत्तरे संभवतात आणि ती एकमेकांपासून वेगळी ठेवली पाहिजेत. एक उत्तर मोजण्याच्या रीतीचे. कौलात साऱ्या गोव्याची मते एकत्र मोजली; निवडणुकीत मतदारसंघवार. एका बाजूची मते सासष्टीसारख्या थोड्या भागांत दाटीने असतील आणि दुसरीची सर्वत्र पसरलेली असतील, तर एकाही माणसाचे मन न पालटता एका मोजणीत एक बाजू जिंकेल व दुसऱ्या मोजणीत दुसरी. दुसरे उत्तर मनाचे. बहुजन समाजातल्या अनेक मतदारांना बांदोडकर आपले वाटत होते. त्यांनी काढलेल्या शाळा खेड्यापाड्यांत पोहोचल्या होत्या. पण आपला माणूस पणजीत मुख्यमंत्री असणे आणि आपला प्रांत मुंबईहून चालविला जाणारा एक जिल्हा होणे, या दोन गोष्टी त्याला एकच वाटत नव्हत्या. पहिलीला होकार देणारा दुसरीला नकार देऊ शकत होता. या दोहोंपैकी कोणत्या कारणाचे वजन किती, हे मतपेटी सांगत नाही. मतपेटीला 'का?' असे विचारता येत नाही.

भाषेची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. कौल म्हणजे मराठी की कोकणी याचा निवाडा, असे मानणारे दोन्हीकडे आहेत. मतपत्रिकेवर भाषेचा उल्लेखही नव्हता. विलीनीकरणविरोधी प्रचाराचे एक प्रमुख मुखपत्र मडगावचे 'राष्ट्रमत' होते आणि ते मराठी दैनिक होते. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर त्यातलेच. म्हणजे महाराष्ट्रात जाऊ नका हे गोव्याला मराठीतून सांगितले गेले, मराठी वाचणाऱ्यांनी ते वाचले आणि त्यांतल्या कित्येकांनी मानले. घरात मराठी पोथी, ओठांवर कोकणी आणि मत दोन पानांना, असा माणूस कोणत्या रकान्यात घालायचा? राजभाषेचा प्रश्न स्वतंत्रपणे सुटायला १९८७ साल उजाडावे लागले, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. घटक राज्याचा हा तिसरा पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हता. पुढे प्रत्यक्षात आले ते नेमके तेच.

आता थोडे बाहेरचे. नमुना घेऊन लोकमत मोजण्याचा आधुनिक उद्योग अमेरिकेत वाढला आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध फजिती १९३६ ची. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे धाडली, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळविली आणि अध्यक्षपदी लँडन येणार असे भाकीत केले. आले रूझवेल्ट, अठ्ठेचाळीस राज्यांपैकी लँडन यांना मिळाली दोन. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनीधारकांच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि महामंदीच्या काळात ज्याच्या दारी मोटार तो सामान्य मतदार नव्हे. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी कोण घेतो, याचाही परिणाम झालाच. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून बरोबर सांगितले. तेच गॅलप १९४८ मध्ये ट्रुमन हरणार म्हणून चुकले, कारण मतदानापूर्वी पुरेसे आधीच त्यांनी विचारणे थांबविले होते आणि अमुक इतके पुरुष, अमुक इतक्या स्त्रिया असा वाटा ठरवून त्यात कोणाला गाठायचे हे प्रश्नकर्त्यावर सोडले होते.

आपल्या देशात एरिक डा कॉस्टा यांच्या संस्थेने पन्नाशीच्या दशकात हे काम सुरू केले. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने पुढे निवडणूक-अभ्यासाची परंपरा उभी केली आणि त्यांचा पहिला देशव्यापी अभ्यास झाला तो १९६७ सालचाच. त्यांचा भर जागांच्या भाकितापेक्षा 'का' या प्रश्नावर राहिला, म्हणून त्यांचे काम टिकले. दूरचित्रवाणीवरच्या आकड्यांची गत मात्र २००४ मध्ये झाली तीच २०२४ मध्ये झाली. बहुतेकांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले होते, मिळाल्या २९३. मतांची टक्केवारी बऱ्यापैकी ओळखता येते, पण तिचे जागांत रूपांतर करताना गणित कोसळते. गोव्याच्या सोळा जागांनी हेच दाखविले होते.

बेळगावकर वाचक विचारतील की आम्हांला तर कोणी कौलही विचारला नाही. खरे आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये, म्हणजे गोव्याच्या कौलाची तयारी चालू असतानाच, महाजन आयोग नेमला गेला. महाराष्ट्राची सूत्रे चार होती: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. पहिली तीन नकाशावर व जनगणनेच्या तक्त्यांत सापडतात. चौथीचा पुरावा म्हणून निवडणुकांतले विजय मांडावे लागले, म्हणजे गोव्यात ज्या पुराव्यावर विलीनीकरणवादी विसंबले होते तोच. सीमाभागात स्वतंत्र प्रश्न विचारला असता तर उत्तर काय आले असते याविषयी मला स्वतःला फारशी शंका नाही. पण माझी शंका नसणे हा पुरावा नव्हे, आणि ही अडचण आपल्या बाजूच्या लेखनात क्वचितच कबूल केली जाते.

जनगणनेचे तक्ते तरी निखळ असतात काय? १९५१ मध्ये पंजाबात मातृभाषेच्या नोंदीवरून इतकी तेढ माजली की हिंदी, उर्दू, पंजाबी व पहाडी यांचे आकडे वेगळे न छापता एकत्र द्यावे लागले. लोक बोलत होते एक आणि लिहवून घेत होते दुसरे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या घरांत तेढ नाही, पण नोंदीचा प्रश्न आहेच. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे त्या व्यक्तीशी तिच्या बालपणी तिची आई जी भाषा बोलली ती. घराण्याची नव्हे, आडनावाची नव्हे. नोंद प्रत्येकाची स्वतंत्र व्हायची असते, आणि त्याशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहिण्याची सोय असते. प्रत्यक्षात प्रगणक दाराशी येतो, घरातला कर्ता पुरुष पुढे होतो, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांचे उत्तर एका दमात देऊन टाकतो. कुठे तो सर्वांना मराठी लिहवितो. कुठे प्रगणकच विचारण्याआधी हिंदी किंवा तेलुगू लिहून मोकळा होतो. जिची आई माळव्यातली, ती सून आत स्वयंपाकघरात असते. तिला कोणी विचारलेले नसते.