चर कुणी खणले, पाणी कुणी उपसलं?



जानेवारीत आमच्या गावात कॉलेजचं एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर झालं. पन्नासेक पोरंपोरी शाळेच्या खोल्यांत मुक्कामाला होती. सकाळी टिकाव, फावडी, घमेली घेऊन माळावर जायचं आणि सलग समतल चरांतला गाळ काढायचा, हे काम. हे चर आम्ही गावकऱ्यांनीच काही वर्षांपूर्वी श्रमदानातून खणलेले. तेव्हा ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल होते. आता निम्मे बुजलेत.

हिशोब सोपा आहे. या मापाचा १०० मीटर चर एकदा भरला की १८,००० लिटर पाणी धरतो. निम्मा बुजला तर ९,०००. म्हणजे दर १०० मीटरला जवळपास एक टँकर पाणी माळावरून तसंच वाहून जातंय. आणि हे एका भरणीचं. पावसाळ्यात चर कितीदा भरतो ते तुम्ही जाणताच.

तिसऱ्या दिवशी एका पोरीनं विचारलं, "काका, इथं मुरलेलं पाणी निघतं कुठं?" मी खाली ओढ्याकडं बोट दाखवलं. काठानं विहिरी आहेत, त्यातली पहिली माझी. चहाची किटली घेऊन आलेली वस्तीवरची मावशी तिथंच उभी होती. तिला गुंठाभर जमीन नाही. ती म्हणाली, "चर आम्हीबी खणले की गं पोरी. मोटार मातुर यांची चालते."

हसत बोलली, पण मला उत्तर सुचलं नाही. कारण ते खरं आहे. चर झाल्यावर माझ्या विहिरीचं पाणी फाल्गुनाऐवजी चैत्र सरेपर्यंत टिकायला लागलं. मी उन्हाळी भुईमूग घेतला. मावशीनं त्याच उन्हात चर खणले आणि तिला पुन्हा माझ्याच भुईमुगाच्या काढणीला रोजंदारीनं यावं लागलं. म्हणून जरा मागचा इतिहास काढून बसलो. हा प्रश्न काही आमच्याच माळावर पहिल्यांदा निघालेला नाही.

आपल्याकडं या परंपरेचा पहिला माणूस म्हणून मला गाडगेबाबाच आठवतात. १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. गावात शिरले की आधी झाडू हातात, रात्री कीर्तन. दिलेला पैसा धर्मशाळा, शाळा असल्या सगळ्यांच्या कामाला. त्यांनी साफ केलेला रस्ता कुणा एकाच्या वाड्यापुरता नव्हता. रस्ता सगळ्यांचा, म्हणून तिथं आपला प्रश्नच उठत नाही. तो उठतो जमिनीच्या आणि पाण्याच्या कामात, कारण तिथं सातबारा येतो.

तरुणांनी शिबिर करून मुक्कामी राहायचं आणि अंगमेहनत करायची, ही रीत पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रुजली. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९२० मध्ये फ्रान्सच्या व्हर्दूंजवळ एन या उद्ध्वस्त गावात स्वयंसेवक नेले. कालपर्यंत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांतली माणसं एकत्र घरं आणि रस्ते उभे करायला लागली. पण त्यात जर्मन होते, ते तिथल्या लोकांना नको झाले, आणि काही महिन्यांत काम आवरतं घ्यावं लागलं. हेतू चांगला असला तरी गावाचं मन नसेल तर शिबिर टिकत नाही, हा धडा पहिल्याच शिबिरात मिळाला.

हाच सेरेसोल १९३४ च्या बिहार भूकंपानंतर आपल्या देशात आला. मुजफ्फरपूरच्या बाजूला पुराच्या सखल जागेतून गावं उंचावर हलवायच्या कामात त्याचे साथी राबले. या वेळी गावची माणसं कामात बरोबरीनं होती.

आपल्या महाराष्ट्रात १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. पोरांनी खेड्यात जाऊन हातानं काम करायचं, ही सवय त्यानं मराठी तरुणाला लावली. स्वातंत्र्यानंतर सरकारनंही हे उचललं. २ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर श्रमदानाची लाट आली. रस्ते, बंधारे, शाळा. फोटो निघाले, हारतुरे झाले.

पण श्यामाचरण दुबे नावाचे समाजशास्त्रज्ञ उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत हे काम जवळून बघत होते. त्यांचं पुस्तक १९५८ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं : रस्ता झाल्याचा फायदा बैलगाडीवाल्या, शेतमालवाल्या मोठ्या घरांना जास्त. ती मंडळी देखरेख करायची. आणि खरी माती उपसायचे ते गरीब, खालच्या मानलेल्या जातींचे लोक, ज्यांचा एक दिवस बुडाला तर चूल थंड. मावशी दुबेंचं पुस्तक वाचायला गेली नव्हती. पण बोलली तेच.

विद्यार्थ्यांचं काय करायचं यावरही बराच खल झाला. १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुख, आपले रोह्याकडचे सी. डी. देशमुख, यांच्या समितीनं सुचवलं की प्रत्येकानं नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रसेवा सक्तीनं करावी. खर्च आणि व्यवस्था बघून ते बाजूला पडलं आणि सेवा ऐच्छिक ठेवायचं ठरलं. शेवटी गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झाली. वर्षाला १२० तास सेवा आणि दत्तक गावात निवासी शिबिर. १९७३ ला शिबिरांचा विषयच होता दुष्काळाशी लढा.

ते वर्ष आपल्या जुन्या माणसांना सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते त्या हातांनी झाले. पण ते श्रमदान नव्हतं. ती मजुरी होती, आणि त्यातूनच वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेचा पुढं कायदा झाला. ही रेघ स्पष्ट ठेवली पाहिजे. ज्याच्या घरात धान्य आहे तो श्रम दान करू शकतो. ज्याचं पोट रोजावर आहे त्याच्या श्रमाला दाम लागतो.

दोन उदाहरणं मला या गोंधळातून वाट दाखवतात.

पहिलं सोमनाथचं. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ बाबा आमट्यांनी साठच्या दशकात श्रमिक विद्यापीठ उभं केलं. तिथं मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. मे महिन्यातला चंद्रपूर म्हणजे काय, हे विदर्भातल्या वाचकांना विचारा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, घरानं टाकलेल्या माणसांनी जंगलाकाठची ती जमीन पिकाखाली आणली. शहरातली पोरं तिथं उपकार करायला जात नाहीत. ज्यांच्या हाताला बोटं नाहीत त्यांच्याकडून शेती शिकायला जातात. घाम कुणासाठी, याचं उत्तर तिथं समोर उभं असतं.

दुसरं पाणी पंचायतीचं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७४ च्या सुमाराला काम सुरू केलं. नियम असा, की पाणी जमिनीवर नाही, माणसावर. घरातल्या माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ऊस चालणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजारनं श्रमदान हा गावाचा नियमच केला. हिवरेबाजारनं त्यापुढं जाऊन शेतीसाठी बोअरवेलला बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. त्यांचे चर गाजले, पण टिकवलं ते या नियमांनी.

मग २०१६ ला पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली. पहिल्या वर्षी वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके, ११६ गावं. पहिला नंबर कोरेगावातल्या वेळूचा. २०१८ पर्यंत तालुके ७५ झाले. ४५ दिवस, ८ एप्रिल ते २२ मे. १ मेला शहरातले जलमित्र गाड्या भरून यायचे. ज्यांनी कधी एकमेकांच्या दारात पाय ठेवला नव्हता ती घरं एका चरात उतरली. हे मी स्वतः पाहिलं. त्याला कमी लेखणार नाही. पण स्पर्धा संपली की घमेली घरी गेली. गाळ दरवर्षी कुणी काढायचा आणि मुरलेल्या पाण्याचा वाटा कसा करायचा, हे आमच्या गावानं ठरवलंच नाही. चूक आमची. माझीसुद्धा.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी पोरांचं काम आम्ही बदललं. निम्म्या पोरांनी गाळ काढला, निम्म्यांनी टेप घेऊन ओढ्याकाठच्या सगळ्या विहिरींची पाणीपातळी मोजली आणि वहीत लिहिली. कुणाला किती फायदा होतो, हे आता कागदावर आहे.

त्या वहीवरून मी ग्रामसभेत तीन गोष्टी मांडतोय.

एक. दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ काढायचे दिवस विहीरवाल्यांनी द्यायचे, ज्याचं भिजणारं रान जास्त त्याचे दिवस जास्त. स्वतः जमत नसेल तर मजुरी भरायची.

दोन. भूमिहीन घरांतून जो येईल त्याला रोजगार हमीतून दाम मिळाला पाहिजे. मापं आणि मागणीचे अर्ज भरायला आपण बसायचं.

तीन. ओढ्याकाठच्या एका सार्वजनिक विहिरीचं पाणी वस्तीच्या पिण्यासाठी आणि बायांच्या गटाच्या भाजीपाल्यासाठी राखायचं. तिच्या आजूबाजूला नवा बोअर नाही.

विरोध होणार. माझ्या चुलतभावानंच विचारलं, "तू कधीपास्नं पुढारी झालास?" त्याची विहीर माझ्या खालीच आहे. त्याला वही दाखवली. काही बोलला नाही, पण वही घरी घेऊन गेला. अजून परत दिलेली नाही.

पोरांची शिबिरं हवीतच. त्यांच्या हाताला फोड आले, त्यांना मुरूम काय असतो ते कळलं, रात्री शाळेच्या ओट्यावर गाणी झाली. ते सगळं मोलाचं. पण सात दिवसांनी ती जातात. चर आणि विहिरी इथंच राहतात, आणि मावशीही.

तुमच्या गावात श्रमदानाचे चर आज कोण सांभाळतंय? पाण्याच्या वाट्याचा काही नियम केला असेल तर जरूर कळवा. ग्रामसभेत सांगायला मला उपयोगी पडेल.