रामदास बोट आणि दादीचा कागद

मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही मुंबईहून गावी निघायचो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी. लाँचमध्ये पाय ठेवण्याआधी माझी दादी सगळ्या पोरांना धक्क्यावर एका रांगेत उभं करून मोजायची. बसल्यावर पुन्हा मोजायची. उतरल्यावर तिसऱ्यांदा. आणि निघायच्या आदल्या रात्री प्रत्येकाच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला घडी घातलेला एक कागद टाक्याने शिवून टाकायची. कागदावर मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि मुंबईतल्या खोलीचा पत्ता. दादीला स्वतःला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे असायचं. मला त्याची लाज वाटायची. माझ्या मैत्रिणींच्या दंडाला तावीज असायचे, आमच्या कपड्यांत पत्ते.

"हे कशाला?" असं विचारलं की ती एकच शब्द बोलायची. "रामदास."

मराठीच्या पुस्तकातून आम्हाला समर्थ रामदास ठाऊक होते. त्यांचा आणि आमच्या कपड्यांचा काय संबंध, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

१७ जुलै १९४७, गुरुवार. सकाळी आठच्या सुमारास रामदास नावाची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. दीडेक तासाचा प्रवास. बोटीवर सातशेच्या आसपास माणसं होती. त्या दिवशी गटारी अमावास्या, म्हणजे घरी जायचा दिवस. गिरणीत, गोदीत, बाजारात राबणारा कोकणी माणूस अशा दिवशी मुंबईत थांबत नाही. आणि त्या वर्षी त्या अमावास्येला लागून आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे मी या दुर्घटनेवर वाचताना फार कुणाचं लक्ष गेलेलं पाहिलं नाही. १३६६ हिजरीचा रमजान दोन-तीन दिवसांवर आला होता. जी अमावास्या श्रावणाआधीची, तीच रमजानच्या चंद्राआधीची. गावातल्या दोन्ही वाड्यांना आपापल्या माणसांची वाट पाहायला एकच तारीख मिळाली होती.

धक्का सोडल्यावर थोड्याच वेळात पाऊस आणि वारा वाढला. समुद्र खवळला. काशाच्या खडकाजवळ, धक्का सोडून जेमतेम अर्धा-पाऊण तास झाला असेल, बोटीत पाणी शिरलं आणि ती कलली. माणसं जीव वाचवायला एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावली. पुढच्या लाटेने बोट उलटली.

इथे थोडं थांबते, कारण हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. बोट म्हणजे तराजू असतो. खालचा भाग जड आणि वरचा हलका, तोवर ती कलून पुन्हा सरळ होते. डेकवर माणसांची दाटी झाली की जडपणा वर सरकतो. त्यात आत शिरलेलं पाणी स्वस्थ बसत नाही, बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तेही धावतं. आणि माणसंही धावतात. भिजलेल्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे जाणं यात कुणाचाही दोष नाही, आपण सगळे तेच केलं असतं. पण शंभर-दोनशे माणसांनी एकदम ते केलं की बोटीला सावरायला जागा उरत नाही. म्हणूनच जुने तांडेल चढणाऱ्याला आधी बसायला लावतात, आणि आपल्याला वाटतं की हा माणूस उगाच खेकसतोय.

सव्वासहाशेच्या आसपास माणसं गेली. आकडे सगळीकडे सारखे आढळत नाहीत. मुंबईहून दिसावं इतक्या जवळ एवढी माणसं बुडतात आणि नेमकी किती यावर एकमत होत नाही, ही गोष्ट मला आकड्याइतकीच भयंकर वाटते. पाऊणशेच्या आसपास लोक वाचले. काही पोहून, काहींना कोळ्यांच्या होड्यांनी उचललं म्हणून.

दादी त्या साली नवी सून होती आणि गावातच होती. बोट कशी बुडाली यावर ती फार बोलत नसे. तिच्या बोलण्यात एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा यायची: "दिवस कलंडला तरी कुणाला काय कळलंच नव्हतं." तिचं म्हणणं खरं होतं. बोट सकाळी नऊच्या आत बुडाली आणि मुंबईला बातमी लागली ती दुपार उलटल्यावर. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पाण्यातून तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच्याकडून शहराला कळलं, असं सांगतात. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं.

साल १९४७ होतं. टायटॅनिक बुडून ३५ वर्षं झाली होती. टायटॅनिकवरची सातशेवर माणसं वाचली, कारण तिच्या बिनतारी यंत्राने हाक मारली आणि कार्पेथिया नावाचं जहाज रात्रीतून धावत आलं. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आता योगायोग पाहा. कार्पेथिया इंग्लंडातल्या ज्या स्वान हंटर कारखान्यात बांधली गेली, त्याच कारखान्याने १९३६ साली आपली रामदास बांधली. म्हणजे बोट काही कुठल्या खाडीत ठोकलेलं खोकं नव्हती. एकशे ऐंशी फुटांच्या जवळपास लांब, चारशेवर टनांची, अवघी अकरा वर्षांची. धक्का चांगला होता, बोट चांगली होती, मार्ग रोजचा होता. फक्त संकटात हाक मारायची सोय नव्हती, कारण दीड तासाच्या प्रवासाला ती कशाला लागते?

हा "कशाला लागते" फार जुना आहे.

बोट ज्या कंपनीची होती ती काही परक्यांची नव्हती. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी असं तिचं लांबलचक नाव, पण लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. गोऱ्यांच्या कंपन्यांशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या भावनेतून उभी राहिलेली. बोटींची नावंही प्रवाशांच्या मनाजवळची, संतांची. माणसं तिच्याकडे गिऱ्हाईक म्हणून जात नसत, आपलेपणाने जात. त्याच कंपनीच्या जयंती आणि तुकाराम या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी वादळात बुडाल्या होत्या. मधे २० वर्षं गेली. आपल्या माणसाला प्रश्न विचारायला आपल्याला अवघड वाटतं, हे मी आमच्या मोहल्ल्यातल्या यात्रा कंपन्यांकडे पाहून आजही सांगू शकते. मालक ओळखीचा, नमाजी, मग गाडीचे टायर कसे आहेत हे कसं विचारायचं?

रामदासचं दुःख देशाने फार काळ धरलं नाही. बोट बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची मोहोर उठली. महिन्याभरात स्वातंत्र्य, फाळणी, निर्वासितांच्या गाड्या. त्या मरणांपुढे रेवसची सव्वासहाशे माणसं इतिहासाच्या पानाच्या तळाशी गेली. १८ ऑगस्टला ईद झाली. त्या ईदला किनाऱ्यावरच्या किती घरांत शीरखुर्मा झाला नसेल, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

आमच्याकडे अशा वेळी एक शब्द तयार असतो: तकदीर. लिहिलेलं होतं, टळलं नाही. हिंदू घरांत नशीब म्हणतात. मरणाऱ्याच्या आईला दुसरा आधार नसतो, तिने तो शब्द धरला तर मी तिला काहीही म्हणणार नाही. पण बाकीच्यांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनी, परवाना देणाऱ्यांनी आणि तिकीट काढणाऱ्या आपण, तो शब्द वापरला की मला राग येतो. तवक्कुलचा अर्थ समजावताना मौलाना लोक हमखास ती उंटाची हदीस सांगतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असं उत्तर मिळालं होतं. आम्ही ती हदीस लहानपणापासून ऐकतो. दोरी मात्र घरी विसरतो.

हे १९४७ सालीच घडलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले, त्यांत मुली जास्त होत्या. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव होता तो, समुद्रही नव्हे. आणि १८ डिसेंबर २०२४ ला, नाताळच्या सुट्ट्यांच्या तोंडावर, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या लाँचवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. १५ जणांचा जीव गेला. लाँचवाल्याची चूक नव्हती, धडक दुसऱ्याने दिली. पण परवाना ८४ प्रवाशांचा आणि वर शंभराहून जास्त माणसं, आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. गेटवेला जॅकेट सक्तीचं झालं ते त्यानंतर.

मी शिक्षिका आहे. हरणीच्या त्या दोन बाईंच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते. आणि मला माझीच एक गोष्ट आठवते, जी सांगायला बरं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं जंजिरा पाहायला गेलो. किनाऱ्यावर ही गर्दी. शिडाच्या होडीत माणसं चढतच होती. माझी धाकटी तेव्हा पाच वर्षांची. होडीत जॅकेटं किती आहेत हे विचारावं असं मनात आलं, अगदी ओठांवर आलं. मी विचारलं नाही. बरोबरची मंडळी हसतील, होडीवाला म्हणेल बाई घाबरट आहे, मागची रांग ओरडेल. शिवाय तो होडीवाला आमच्याच नात्यागोत्यातल्या गावचा निघाला, त्याने मला "भाभी" म्हटलं आणि माझा प्रश्न तिथेच मेला. आम्ही गेलो, सिद्दींचा किल्ला पाहिला, तोफांजवळ फोटो काढले, परत आलो. काही झालं नाही. काही झालं नाही म्हणून माझं वागणं बरोबर ठरत नाही, हे मी वर्गात मुलांना गणिताच्या उत्तरांबद्दल सांगते. रीत चुकली आणि उत्तर बरोबर आलं तर मी मार्क कापते.

आता मी विचारते. चढण्याआधी, पैसे देण्याआधी, कारण पैसे दिल्यावर आपला आवाज निम्मा होतो. जॅकेटं आहेत का, आणि मुलांच्या मापाची आहेत का. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात मूल खाली निसटतं आणि जॅकेट वर राहतं. ते डोक्यावरच्या फळीत दोरीने बांधलेलं असून उपयोग नाही, सुटण्याआधी अंगात हवं. बुरखा आणि साडी यांवरूनही ते घालता येतं, लाजायचं कारण नाही. मुलं दोघांत वाटून घेतो, दोन माझ्याकडे, एक यांच्याकडे, म्हणजे "मला वाटलं तुमच्याजवळ आहे" हा प्रकार होत नाही. डॉल्फिन दिसला, डॉल्फिन दिसला म्हणून सगळी लाँच एका बाजूला धावते तेव्हा मी आमच्या माणसांना बसवून ठेवते. एकदा मुलाने चिडून विचारलं, अम्मी, फक्त आपणच का बसायचं? मी त्याला रामदासची गोष्ट तिथेच सांगितली. आजूबाजूचे दोघं-तिघंही ऐकत खाली बसले.

आणि कधी कधी जायचंच नाही. हे सगळ्यात जड जातं. रजा मिळालेली असते, डबे भरलेले असतात, गावी कोंबडी कापायची ठरलेली असते. हवामान खात्याचा इशारा आज मोबाइलवर घरबसल्या येतो, रामदासच्या प्रवाशांना तो मिळाला असता तर किती जण धक्क्यावरून परत फिरले असते, कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्या चुलतसासऱ्यांनी फोनवर सुनावलं, "एवढ्याशा पावसाला भ्यालीस होय?" मी म्हटलं, "हो चाचा, भ्याले." ते महिनाभर बोलले नाहीत.

यंदा ईदला गावी निघताना मी वहीचं एक पान फाडलं. आम्ही आठ जण होतो. आठ नावं, वयं, कुठली लाँच, किती वाजताची, उतरल्यावर कुणाची गाडी. ते पान मुंबईत राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आपा, हे कशाला गं?"

"संध्याकाळी पोचल्याचा फोन आला की फाडून टाक," मी म्हटलं. "नाही आला, तर रात्र होईस्तोवर थांबू नकोस."