फोटोची तारीख आणि ब्रेकमनची बोटं

शिकागोजवळचं प्रोव्हिसो यार्ड. डिसेंबर १९४२. अठ्ठावीस वर्षांचा, म्हणजे साधारण माझ्याच वयाचा, जॅक डेलानो नावाचा फोटोग्राफर उंचावर उभा राहून खाली कॅमेरा रोखतो. खाली रुळांच्या समांतर रांगा आणि त्यांवर खच्चून उभ्या वाघिणी. (वाघीण म्हणजे मालगाडीची वॅगन. ‘वाघिणी घसरल्या’ अशी बातमी आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली असते.) डेलानो तेव्हा सरकारी नोकरीत होता, त्यामुळे या फोटोंवर कॉपीराइट नाही. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि मोठ्या आकाराची फाईल कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. मोबाईलवर दोन बोटांनी झूम करत गेलं की छपरावरच्या फळ्याही दिसायला लागतात.

या फोटोला तारीख आहे, जागा आहे, नाव आहे. पण अमेरिकेतल्या मालगाड्यांचे असंख्य जुने फोटो असे आहेत ज्यांच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. पोटमाळ्यावरच्या पेटीत, जुन्या बाजारात, छोट्या गावच्या संग्रहालयात ते पडून असतात. मग कुणीतरी अंदाजाने ‘१८९० च्या आसपास’ असं लिहून टाकतं आणि तो अंदाज पुढे कॉपी-पेस्ट होत इतिहास बनतो.

एरवी जुना फोटो ओळखायला आपण कपडे बघतो, मोटारी बघतो, दुकानाच्या पाट्या बघतो. यार्डात यातलं काही नसतं. फक्त वाघीण असते. सुदैवाने वाघीण बरंच बोलते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी गडबड नेमकी कोणत्या व्हर्जनमध्ये शिरली हे शोधायचं असेल तर आम्ही दोन टोकं पकडतो: इथे ती नव्हती, इथे ती होती. मग मधलं अंतर कमी करत जायचं. फोटोची तारीख काढण्याची रीतही हीच. एक खूण सांगते, ‘फोटो याच्या आधीचा असूच शकत नाही.’ दुसरी सांगते, ‘याच्या फार नंतरचा नसावा.’ अशा पाच-सहा खुणा मिळाल्या की कधी कधी पन्नास वर्षांचा पसारा दोन-तीन वर्षांवर येतो.

सर्वात सोपी खूण म्हणजे वाघिणीवर रंगवलेली अक्षरं. मालक रेल्वेची आद्याक्षरं, वाघिणीचा क्रमांक, ती किती भार पेलू शकते आणि रिकामी असताना तिचं वजन किती. यातलं रिकामं वजन महत्त्वाचं, कारण भाडं मालाच्या वजनावर ठरायचं. भरलेल्या वाघिणीचं वजन करायचं आणि त्यातून रिकाम्याचं वजा करायचं. पण लाकडी वाघीण पावसात पाणी पिते, उन्हात वाळते, दुरुस्तीत फळ्या बदलतात, म्हणून ठरावीक काळाने ती पुन्हा तोलावी लागे. तोललं की वजनाशेजारी त्या ठिकाणाचं लघुरूप आणि महिना-वर्ष रंगवायचे. फोटोत ‘१०-४२’ वाचता आलं तर फोटो ऑक्टोबर १९४२ च्या आधीचा नाही, हे पक्कं. आणि पुन्हा तोलायची मुदत ठरलेली असल्यामुळे तो त्याच्या फार नंतरचाही नसावा. कोरी वाघीण असेल तर तिथे बनावटीचा महिना असतो.

क्रमांक वाचता आला तर आणखी एक दार उघडतं. ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’ नावाचं जाडजूड प्रकाशन नियमित निघायचं. कोणत्या रेल्वेकडे कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत किती वाघिणी आहेत, त्यांची लांबी-रुंदी-उंची किती, हे त्यात असे. ओळीने अंक चाळले की एखादी मालिका कधी अवतरली आणि कधी संपली ते कळतं.

इथे एक सावधगिरी. वाघिणीवर टेक्सासच्या रेल्वेचं नाव आहे म्हणून फोटो टेक्सासचा ठरत नाही. अमेरिकेत वाघिणी एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर सर्रास जात. शिकागोच्या एका यार्डात अख्ख्या खंडातल्या वाघिणी शेजारी शेजारी उभ्या असत.

पण बऱ्याच फोटोंत अक्षरं वाचताच येत नाहीत. तेव्हा वाघिणीच्या अंगावरचे लोखंडी अवयव बघायचे. माझ्यासाठी विषय इथे बदलला.

पहिला अवयव कपलर, म्हणजे दोन वाघिणी जोडणारा सांधा. एकोणिसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी कडी आणि पिन असायची. एक वाघीण उभी, दुसरी हळूहळू तिच्याकडे येतेय, आणि मधे ब्रेकमन उभा. त्याने हाताने कडी धरून समोरच्या खोबणीत घालायची, वरून पिन टाकायची आणि हात काढून घ्यायचा. क्षणभर चुकलं की बोटं गेली. असं म्हणतात की नोकरी मागायला आलेल्या ब्रेकमनचा अनुभव त्याच्या हाताला किती बोटं उरलीत यावरून जोखला जाई.

एलाय जॅनी याने १८७३ मध्ये आपोआप जुळणाऱ्या कपलरचं पेटंट घेतलं. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवा. साधारण तसा तो दिसतो. दोन वाघिणी भिडल्या की ‘खट्’, मधे माणूस नको. आपल्याकडच्या आजच्या मालगाड्यांचे कपलर याच घराण्यातले.

म्हणजे १८७३ नंतर प्रश्न मिटला? छे. कंपन्यांना खर्च नको होता. आयोवातल्या लोरेन्झो कॉफिन नावाच्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं यासाठी आवाज उठवला. १८८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसला सांगितलं की रेल्वे कामगारांच्या जिवाला युद्धातल्या सैनिकाइतका धोका आहे आणि ही आपल्या सभ्यतेला लाज आणणारी गोष्ट आहे. १८९३ मध्ये अखेर सुरक्षा साधनांचा कायदा झाला: आपोआप जुळणारे कपलर हवेत आणि ड्रायव्हरला गाडी काबूत ठेवता येईल इतक्या डब्यांना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक हवेत.

सरकारी आकडे बघा. १८९३ या वर्षात जोडणी-तोडणी करताना ४३३ कामगार मेले आणि ११,२७७ जखमी झाले. १९०२ मध्ये हेच आकडे १४३ आणि २,११३ वर आले.

आता फोटोकडे वळू. कायदा १८९३ चा, म्हणून कडी-पिनचा प्रत्येक फोटो १८९३ च्या आधीचा म्हणायचा का? नाही. कायद्याने १८९८ पर्यंत मुदत दिली होती आणि कंपन्यांनी ती वाढवून घेतली, शेवटी १ ऑगस्ट १९०० पर्यंत. शिवाय हा कायदा राज्याराज्यांमधल्या वाहतुकीला लागू होता. जंगलातल्या लाकूड वाहणाऱ्या छोट्या लाइनींवर कडी-पिन पुढेही राहिली. नियमाची तारीख आणि प्रत्यक्षातली तारीख यांत फट असते, आणि ती किती मोठी हे ठिकाणावर ठरतं.

त्या फटीत माणसं सापडत. ५ ऑगस्ट १९००, युटा राज्यातलं प्रोमॉन्टरी. १८६९ मध्ये पूर्व-पश्चिमेचे रूळ जिथे जोडले गेले, सोन्याचा खिळा ठोकला गेला, ते हेच ठिकाण. वाढीव मुदत संपून चार दिवस झाले होते. जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका डायनिंग कारला जोडायचं होतं. दोन्हीकडे आपोआप जुळणारे कपलर होते, पण वेगवेगळ्या जातीचे. ते एकमेकांत बसेनात. म्हणून त्याने जुन्या पद्धतीने कडी-पिन लावायचा प्रयत्न केला, आणि त्यात त्याचा हात चिरडला. मनगटाच्या वरून कापावा लागला.

खटला झाला. खालच्या कोर्टांत तो हरला. दोन्हीकडे कपलर ‘आपोआप जुळणारे’ होते ना, मग कायदा पाळला गेला, असा युक्तिवाद तिथे चालला. १९०४ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला: कामगाराला मधे शिरावंच लागत असेल तर कायद्याचा हेतू पुरा झालेला नाही. आमच्या धंद्यात दोन सिस्टीम आपापल्या जागी अगदी बरोबर असतात, फक्त एकमेकींशी बोलत नाहीत. तिथे फार तर रात्रीची झोप जाते. इथे हात गेला.

कपलरनंतर नजर वर न्या. छपरावर मधोमध फळ्यांची चालवाट दिसते. हवेचे ब्रेक सगळीकडे येण्याआधी ब्रेकमन धावत्या गाडीच्या छपरावरून एका वाघिणीवरून दुसरीवर उड्या मारत जाई आणि प्रत्येकीचं ब्रेकचं चाक हाताने फिरवी. बर्फात, पावसात, अंधारात. हवेचे ब्रेक आल्यावरही छपरावरची ये-जा थांबली नाही. डेलानोच्या १९४२ च्या फोटोत छपरांवर या फळ्या दिसतात त्या म्हणूनच. नव्या बंदिस्त वाघिणींवरून ही चालवाट गेली ती १९६६ मध्ये. म्हणजे मुळातच सपाट, चालवाट नसलेलं छप्पर दिसलं तर फोटो बहुधा त्यानंतरचा.

बाजूच्या शिड्या, पकडायचे दांडे, पाय ठेवायच्या पायऱ्या हीदेखील खूणच. आधी प्रत्येक कंपनी मनाला येईल तिथे ते बसवायची. अंधारात हात घातला आणि दांडा तिथे नसला की माणूस रुळांवर. १९१० च्या कायद्यानंतर १९११ च्या आदेशाने त्यांची संख्या आणि जागा ठरवून दिली. एका ओळीत, ठरल्या जागी बसवलेले दांडे दिसले की फोटो बहुधा त्या आदेशानंतरचा.

खाली वाका. ब्रेकची यंत्रणा एकाच सलग तुकड्यात असेल तर ती जुनी ‘के’ पद्धत. टाकी, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह असे तीन तुकडे वेगवेगळे लटकत असतील तर ‘एबी’ पद्धत, जी १९३३ पासून नव्या वाघिणींवर आली. जुन्या बदलायच्या मुदती पुढे सरकत गेल्या आणि १९५३ उजाडलं. चाकांची चौकट पट्ट्या वाकवून नटबोल्टने बांधलेली असेल तर तीही जुनी. बोल्ट सैल होऊन अपघात व्हायचे, म्हणून १९४० च्या सुमारास अशा वाघिणींना दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जायला बंदी झाली.

नंतरच्या फोटोंतली माझी सर्वात लाडकी खूण म्हणजे रंगीत पट्ट्यांची पाटी. बारकोड दुकानात यायच्या आधी तो रेल्वेवर आला होता. डेव्हिड कॉलिन्स या इंजिनिअरने बनवलेली ‘कारट्रॅक’ पद्धत १९६७ मध्ये अमेरिकेतल्या रेल्वेंनी स्वीकारली. १३ पट्ट्या, त्यांत मालक, क्रमांक आणि शेवटी आकडेमोड पडताळणारा तपासणी अंक. रुळाशेजारचं यंत्र धावत्या गाडीवरून तो वाचायचं. मग धूळ बसली, पट्ट्या काळवंडल्या, वाचन चुकायला लागलं आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात योजना गुंडाळली गेली. पाट्या मात्र कुणी मुद्दाम काढल्या नाहीत. त्यामुळे पाटी दिसली तर फोटो बहुधा १९६७ च्या आधीचा नसावा एवढंच म्हणता येतं. वरची मर्यादा ती देत नाही.

तपासणी अंक आपल्याकडेही आहे. फाटकात अडकलात तर भारतीय वाघिणीवरचा ११ अंकी क्रमांक वाचा: पहिले दोन अंक प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पाचवा-सहावा बनावटीचं वर्ष, मग चार अंकी अनुक्रम आणि शेवटी तपासणी अंक. वय क्रमांकातच लिहिलेलं असतं.

एका गोष्टीवर मात्र विसंबू नका: जुन्या कृष्णधवल फोटोतल्या छटा. सुरुवातीच्या काचा आणि फिल्म लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल वाघीण काळी दिसायची, निळं आकाश पांढरंफटक. ‘काळी वाघीण’ बघून कुठली रंगसंगती होती हे ठरवायला जाल तर फसाल.

आता कुणी म्हणेल, दहा-वीस वर्षं इकडे की तिकडे, काय बिघडतं? कडी-पिन असलेल्या वाघिणीचा एखादा फोटो घ्या. मुख्य लाइनवरचं यार्ड, दूरच्या राज्यांतल्या वाघिणी. खाली ‘१८८५’ लिहिलं तर तो जुन्या काळाचा एक गोड फोटो. पण वजनाशेजारी १९०५ रंगवलेलं सापडलं, तर तोच फोटो कायदा मोडल्याचा पुरावा. अंदाजाने टाकलेली तारीख एखाद्या कंपनीला सहज निर्दोष सोडू शकते.

म्हणून तारीख काढताना मी ज्या जागा झूम करून बघतो, त्यांचा अर्थ माझ्यासाठी आता वेगळा आहे. हा दांडा इथे आहे, कारण तो नव्हता तेव्हा कुणीतरी पडलं. हा कपलर असा आहे, कारण आधीच्याने हात खाल्ले. वाघिणीच्या अंगावरचे बरेच बदल कुणाच्या तरी जखमेनंतर, आणि बऱ्याचदा मुदत उलटून गेल्यावर झालेले आहेत. त्या जखमांची नावं बहुतेक फोटोंत नाहीत. तारीख नीट लावली, तर निदान त्या कोणत्या वर्षीच्या हे तरी सांगता येतं.