आजाराचे नाव कुणाला सांगायचे?

शाळकरी मुलालाही अर्थ लागेल असे ते नाव होते, आणि तोच त्याचा दोष ठरला. 1937 साली जपानी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्किझोफ्रेनियासाठी 'सेइशिन बुन्रेत्सु ब्यो' हा शब्द मुक्रर केला. सेइशिन म्हणजे मन, बुन्रेत्सु म्हणजे फुटून वेगळे होणे, ब्यो म्हणजे रोग. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने 1908 मध्ये ग्रीक धातूंपासून जो शब्द घडवला, त्याचे हे अगदी इमानी भाषांतर. पण ग्रीक न जाणणाऱ्या युरोपियन रुग्णाच्या कानावर स्किझोफ्रेनिया हा नुसता एक अवघड शब्द पडतो. जपानी रुग्णाला मात्र कागदावरची चित्राक्षरेच सांगत, की तुझे मन फुटले आहे. मराठीतला 'छिन्नमनस्कता' हा शब्दही याच साच्यातला. 'छिन्न' म्हटले की पाठोपाठ 'विच्छिन्न' आठवतेच. फरक इतकाच, की आपल्याकडे हा शब्द बहुतेक छापील मजकुरातच राहिला आणि दवाखान्यात 'स्किझोफ्रेनिया' रुळला. परक्या शब्दाचा हा फायदा भाषाशुद्धीच्या वादात कुणी सहसा मोजत नाही.

आशियातल्या मनोरुग्णांविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येते: इथल्या समाजात मानसिक आजाराची लाज फार, म्हणून कुटुंबे तो लपवतात. जपानचा इतिहास पाहिला तर हे कार्यकारण उलटे लावावेसे वाटते. 1900 साली तिथे मनोरुग्णांच्या ताब्याविषयी कायदा झाला. त्याने रुग्णाची जबाबदारी कुटुंबावर टाकली आणि सरकारी परवानगीने त्याला घरातच कोंडून ठेवण्याची मुभा दिली. टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक कुरे शूझो यांनी 1910 ते 1916 या काळात आपल्या सहायकांना गावोगाव पाठवून अशा साडेतीनशेहून अधिक कोठड्यांची पाहणी केली. 1918 च्या त्यांच्या अहवालात छायाचित्रे आहेत, आराखडे आहेत: घराच्या एका बाजूला किंवा अंगणात लाकडी गजांची खोली, जेवण आत सरकवण्यापुरती फट, कोपऱ्यात शौचाचे भोक. आजारी पडणे हे या माणसांचे एक दुर्दैव आणि या देशात जन्मणे हे दुसरे, असा कुरे यांचा निष्कर्ष होता. त्यांनी बोट ठेवले ते सरकारी व्यवस्थेच्या अभावावर. कुटुंबांना लाज वाटत नव्हती असे नाही; पण ज्या घराला सरकारनेच तुरुंग करून टाकले, त्या घराने मोकळेपणाने बोलावे ही अपेक्षाच गैर. ही घरकोंडी कायद्याने बंद झाली 1950 मध्ये, आणि अमेरिकेच्या ताब्यातल्या ओकिनावात तर 1972 पर्यंत चालू राहिली.

पुढे कोठडीची जागा रुग्णालयाने घेतली. 1964 साली अमेरिकेचे राजदूत एडविन राइशाउअर यांच्यावर टोकियोत एका मनोरुग्ण तरुणाने चाकूहल्ला केला. त्यानंतर मनोरुग्ण म्हणजे समाजाला धोका हे समीकरण वर्तमानपत्रांनी घट्ट केले आणि खाजगी मनोरुग्णालयांतल्या खाटा वाढत गेल्या. या सगळ्या काळात निदान रुग्णापर्यंत पोचतच नसे. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन खरे नाव सांगत आणि रुग्णाला 'मज्जातंतूंचा थकवा' असे काहीतरी सौम्य. आपल्याला काय झाले आहे हे ठाऊक नसलेला माणूस वर्षानुवर्षे गोळ्या घेत राही किंवा, साहजिकच, मध्येच सोडून देई.

नाव बदला, ही मागणी 1993 मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांच्या राष्ट्रीय महासंघाने तज्ज्ञांच्या संघटनेकडे केली. लपवणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाई, त्यांच्याकडूनच ती आली, हे विसरू नये. नऊ वर्षे चर्चा, समित्या, पाहण्या चालल्या आणि ऑगस्ट 2002 मध्ये 'तोगो शिच्चो शो' हे नाव मंजूर झाले. तोगो म्हणजे एकसंधता, शिच्चो म्हणजे मेळ बिघडणे. आणि शेवटचा 'रोग' जाऊन तिथे 'शो', म्हणजे लक्षणसमूह, आला. यातल्या शिच्चोची निवड मला सगळ्यांत हुशारीची वाटते. कुपोषणाला जपानीत 'एइयो शिच्चो' म्हणतात. फुटलेले भांडे सांधता येत नाही, पण पोषणाचा बिघडलेला मेळ पुन्हा बसू शकतो, हे ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. मियागी प्रांतातल्या पाहणीत, रुग्णाला स्वतःचे निदान सांगितले गेल्याचे प्रमाण 2002 मध्ये 36.7 टक्के होते, ते 2004 पर्यंत 69.7 टक्क्यांवर गेले.

आजार तोच, मग पाटी बदलून काय साधले, हा आक्षेप जुनाच आहे. पण बदल पाटीपुरता नव्हता. जुन्या नावामागे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमील क्रेपेलिनची छाया होती: आजार चढतच जाणार, माणूस खंगत जाणार. नव्या नावाबरोबर आजाराची मांडणीही बदलली: मुळातली नाजूक प्रकृती आणि वरून आलेला ताण यांतून तो उद्भवतो, उपचारांनी पुष्कळांना उतार पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच सुमारास नवी औषधे आली होती, रुग्णाला माहिती देण्याचा आग्रहही वाढत होता. मग सारे श्रेय नावाला कसे? ते नावाला देता येणार नाही, हे मान्य. मात्र औषधांनी दोन-तीन वर्षांत डॉक्टरांची बोलण्याची सवय पालटली असती, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. सांगण्याजोगा शब्द हातात आल्यावर त्यांनी तो वापरला, हे स्पष्टीकरण साधे आहे. तिसरा आक्षेप असा, की नवे नावही उद्या मळेल. मळेलही, गुन्ह्यांच्या बातम्यांत त्याचा वापर होतोच. पण नाव मळायला जो काळ लागतो, तेवढ्या काळात एका पिढीच्या रुग्णांना आपले निदान डॉक्टरांच्या तोंडून कळले.

जपानचे पाहून शेजाऱ्यांनीही हालचाल केली. तैवानने 2014 मध्ये चिनी नावातले 'फुटणे' काढून टाकले. कोरियाने त्याआधीच, 2011 मध्ये, 'चोह्यनब्यङ' हे नाव घेतले. त्याचा अक्षरशः अर्थ तारा जुळवण्याचा आजार. तंबोरा उतरला तर तो कुणी फेकून देत नाही, खुंट्या पिळून पुन्हा सुरात आणतात. कोरियन डॉक्टरांच्या मनात असेच एक तंतुवाद्य होते. मात्र शेवटचा 'ब्यङ', म्हणजे रोग, त्यांनी तसाच ठेवला.