गल्ला, तराजू आणि देखरेख

दुकानांतील अथवा वखारींतील नोकरानें मालाची किंवा रोकडीची अफरातफर करणें हा अपराध व्यापाराइतकाच जुना आहे. तो ओळखावा कसा व त्यास आळा घालावा कसा, याचें शिक्षण व्यवस्थापकांस देण्याची कल्पना मात्र अगदीं अलीकडची, आणि तीही पश्चिमेकडून आलेली, अशी सुशिक्षितांची समजूत दिसते. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं.

कौटिल्याच्या नांवावर असलेलें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. आधीं आलेली रक्कम मागाहून जमा दाखविणें, थोडें देऊन पुष्कळ दिल्याचें लिहिणें, एकाच्या नांवचें दुसऱ्याच्या नांवावर घालणें, वजनामापांत फरक करणें, ही यादी आजच्या कोणत्याही हिशेबतपासनिसास ओळखीची वाटेल. परंतु या यादीपेक्षांही पण्याध्यक्षाच्या प्रकरणांतील एक लहानसा नियम आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. सरकारी माल विकणाऱ्यांनीं विक्रीचे पैसे एकच छिद्र असलेल्या झांकणाच्या लांकडी पेटींत टाकावे. दिवस संपत आला म्हणजे ती पेटी पण्याध्यक्षाच्या हवालीं करून किती विकलें व किती उरलें हें सांगावें. आणि तराजू व मापेंही त्याच वेळीं परत करावीं, असा तो नियम आहे.

या नियमांत तीन गोष्टी साधल्या आहेत. पैसा आंत जातो, पण विकणाराच्या हातीं परत येत नाहीं. माल व पैसा यांचा मेळ त्याच दिवशीं बसतो, त्यामुळें तूट पडल्यास ती कोणत्या दिवसाची, हें लपत नाहीं. तिसरी गोष्ट म्हणजे ज्या साधनानें फसवितां येतें, तें साधनच रात्रीं विकणाराजवळ राहत नाहीं. अमेरिकेंतील डेटन शहरच्या जेम्स रिटी नांवाच्या मद्यगृहाच्या मालकानें आपले नोकर पैसे खिशांत घालतात म्हणून १८७९ सालीं भावासह रोकड नोंदविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्या यंत्राच्या मुळाशीं असलेला विचार या लांकडी पेटीहून फारसा निराळा नव्हता.

हेंच तत्त्व महाराष्ट्रांत शिवकालीं मोठ्या प्रमाणावर योजिलेलें दिसतें. सभासदाच्या बखरीवरून असें समजतें कीं, प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखाननीस असे निरनिराळे अधिकारी नेमलेले असत. कोठारांतील जिन्नस एकाच्या ताब्यांत व त्याचें लेखन दुसऱ्याच्या हातीं, अशी ही योजना होती. तिघांनीं संगनमत केल्याखेरीज एकट्यास अपहार करणें कठीण होते.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. आजच्या वाशीम जिल्ह्यांतील कारंजें ही जुनी श्रीमंत पेठ. १६७० सालीं सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठी फौजांनीं ती लुटली, हें सर्वांस ठाऊक आहे. पण तलवारीची लूट एकदां होते. तराजूची लूट रोज चालते. कापसाची गाडी घेऊन बाजारांत आलेल्या शेतकऱ्यास रुमालाखालीं बोटें दाबून ठरलेला भाव कळत नसे. त्यांतून अडत, तोलाई, धर्मादाय अशा नांवांनीं रक्कम वजा होई, ती निराळीच. १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें कारंजें येथें नियंत्रित बाजार स्थापन झाला. हिंदुस्थानांतील असा हा पहिलाच बाजार समजला जातो. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य यांच्या बाजारांचा कायदा झाला.

या सुधारणेचा हेतु मात्र शेतकऱ्याच्या कळवळ्याचा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस वाजवी दरानें मिळावा, ही त्यामागील मुख्य प्रेरणा होती. बाजारावर देखरेख करणाऱ्या समितींत व्यापाऱ्यांचा भरणा होता. माल ज्याचा, त्या शेतकऱ्यास तींत स्थान नव्हतें. तराजूवर पहारा बसला खरा, पण पहारेकरी तराजू धरणाऱ्यांपैकींच होते. शेतकऱ्याच्या हिताकडे पाहून कायदा करण्याचा प्रयत्न मुंबई इलाख्यांत १९२७ सालीं झाला, आणि महाराष्ट्राचा सध्यांचा मूळ बाजार-कायदा १९६३ सालचा आहे.

या इतिहासावरून दुकानांच्या व्यवस्थापकांनीं काय शिकावें? चोर कसा दिसतो, हें शिकविण्यांत फारसा अर्थ नाहीं. प्रत्येक नोकराकडे संशयानें पाहणारा व्यवस्थापक चोरी थांबवीत नाहीं, प्रामाणिक माणसें मात्र गमावतो. घेणारा हात व लिहिणारा हात निराळे ठेवावे, हिशेब त्याच दिवशीं मिळवावा, आणि वजनें मापें वेळोवेळीं तपासावीं, हें शिक्षण खरें. अशी व्यवस्था प्रामाणिक नोकराचें संरक्षणही करते. तूट पडली असतां गरीब गुमास्त्यावर आळ येणें सोपें असतें. चोख वहीच त्यास त्या वेळीं सोडवूं शकते.

शेवटीं एक प्रश्न उरतो: देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणी करावी? नोकराच्या गल्ल्याला एकच छिद्र असावें असें म्हणणाऱ्या मालकानें आपल्याही तराजूची तपासणी गिऱ्हाइकास करूं द्यावी. मालकाचें माप खोटें आहे, हें जो नोकर रोज पाहतो, त्यास सचोटीचा पाठ कोणताही व्यवस्थापक देऊं शकणार नाहीं.