पुठ्ठ्याचा प्रिंटर

इंजिनिअरिंगला असताना क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स हे सगळं आपण घोकलेलं असतं. या कल्पना १९६० च्या दशकात नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या सिम्युला या भाषेतून आल्या, एवढंही परीक्षेपुरतं माहीत असतं. पण याच न्यूगोरनी पुढे काय केलं, ते मला कुणी शिकवलं नाही. आजचा भाग त्यावरच.

१९७० च्या सुमारास कारखान्यांत संगणक येऊ लागले. उत्पादनाचं नियोजन, कामाचे तास, कोणतं काम कधी, हे यंत्र ठरवणार होतं. तेव्हा न्यूगोर नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेबरोबर काम करू लागले. सुरुवातीचा बेत आपल्या ओळखीचाच होता: तज्ज्ञ अभ्यास करणार, अहवाल देणार. पण अहवाल वाचून कामगारांच्या हातात काय पडणार? म्हणून त्यांनी बेतच बदलला. कामगार स्वतः शिकतील, प्रश्न विचारतील, कारखान्यात मागण्या मांडतील, तोच प्रकल्पाचा निकाल मानायचा, असं ठरलं. त्यातून कंपन्यांबरोबर करार झाले, आणि १९७७ च्या नॉर्वेच्या कायद्यात अशा यंत्रणांची माहिती मिळण्याचा आणि त्या आखण्यात भाग घेण्याचा कामगारांचा हक्क आला.

पुढचा टप्पा मला जास्त आवडतो. १९८१ ते १९८५ या काळात स्वीडन-डेन्मार्कच्या संशोधकांनी वर्तमानपत्रांच्या छपाई कामगारांबरोबर 'युटोपिया' नावाचा प्रकल्प केला. पानं संगणकावर लावायची, पण हे काम ज्यांच्या हाताचं, त्यांना स्क्रीनचे आराखडे दाखवून काही कळेना. मग पुठ्ठा, कागद, प्लायवूड आणून खोटी यंत्रं बनवली. एका रिकाम्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहिलं आणि त्याभोवती कामाची तालीम केली! खोकं कसंही हलवता येतं, त्यामुळे कामगार बेधडक सांगू लागले: हे इथे नको, हे तिकडे हवं.

आपल्याकडे १९८३ मध्ये बँक संघटनांचा संगणकीकरणावर करार झाला, तो मुख्यतः यंत्रं कुठे आणि किती यावर. तो प्रश्नही खरा होता, नोकऱ्यांचा होता. पण यंत्र आखताना काउंटरवरच्या माणसाला विचारायचं का, हा वेगळा प्रश्न.

आता माझी गोष्ट. मागच्या वर्षी आमच्या टीमने ग्राहकांच्या ईमेलना उत्तराचा मसुदा लिहिणारी जेनरेटिव्ह एआयची यंत्रणा बनवली. जुनी तिकिटं वापरली, डेमो झकास झाला. ग्राहक विभागाला बोलावलं ते थेट ट्रेनिंगला! तिथल्या एक सीनियर ताई पाच मिनिटं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, तिसऱ्यांदा तीच तक्रार आली की आम्ही लिहीत नाही. फोन करतो."

तिकिटात फोनची नोंदच नव्हती. फक्त 'बंद' असं लिहिलेलं. त्यांच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आमच्या डेटामध्ये कोरा होता, आणि आमचं मॉडेल चिडलेल्या माणसाला तिसऱ्यांदा तेच गोड पत्र लिहीत होतं. ताई तेव्हा आणखी एक बोलल्या, "आम्हाला वाटलं, आमच्या जागी हेच येणार, म्हणून कुणी काही बोललं नाही." ते मला जास्त लागलं. नुसतं मीटिंगला बोलावून माणूस बोलत नाही. बोलल्यावर आपलंच नुकसान होणार नाही, याची खात्री त्याला लागते. नॉर्वेत ती खात्री करारात लिहून घेतली होती.

नव्या यंत्रणेची पहिली बैठक आम्ही ग्राहक विभागात घेतली, लॅपटॉप न उघडता. मी ईमेलच्या प्रिंट नेल्या आणि एवढंच विचारलं: याचं तुम्ही काय केलं असतं? दोन तासांत अकरा प्रिंट वेगळ्या निघाल्या. ताईंनी त्यांवर लाल पेनने लिहिलं, 'मशीनने हात लावायचा नाही.'

त्या अकरा आता आमच्या आराखड्याचं पहिलं पान आहेत. भेटू पुढच्या भागात.